टेपनं खाल्लेली जागा

वाकोल्याला, सोफे शिवणाऱ्याच्या वरच्या माळ्यावर,
तासाला तीनशे रुपये,
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
त्यांना अजून थोडा अंड्यांचाच वास.
तिथं सोळा रविवार आम्ही हे गाणं बसवलं.

गाणं आमचं नाही.
तेरावा धक्का नावाच्या बँडचं,
जो माझगावात सुरू झाला
आणि माझगावातच मोडला,
मी जन्मायच्या सहा वर्षं आधी.
रेकॉर्ड निघालीच नाही. एक कॅसेट उरली,
तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी,
तिच्यावरून केलेली नेल्सनच्या मामाकडे.
डबीवर पेनानं 'नोव्हेना', ते खोडून त्यांचं नाव.

दहावीत असताना ती माझ्याकडे आली
आणि परत गेली नाही.
इंग्रजी तितकं कळत नव्हतं.
ऐकून ऐकून शब्द देवनागरीत उतरवले
भूमितीच्या वहीत, मागच्या पानावर.
एका ओळीत 'हार्बर' आहे,
मी लिहिलं होतं 'हार, बरं',
आणि वर्षभर मला वाटत राहिलं
की एवढा घसा फाडून हा माणूस
कुणाची तरी समजूत काढतोय.

दुसऱ्या कडव्यानंतर गाणं थांबतं.
दीड मात्रा.
ड्रम नाही, श्वास नाही,
कॅसेटची खरखरसुद्धा नाही.
मग सगळे एकदम,
दुकानाचं शटर पाडल्यासारखे.
त्या दीड मात्रेसाठी मी बास घेतला.
आईनं तारा मोजल्या, म्हणाली
दोन कमी आहेत, फसवलं तुला दुकानदारानं.

सोळातले नऊ रविवार त्या थांबण्यात गेले.
विहंग आधीच तोंड उघडायचा,
फरझाद मागाहून पोचायचा,
मी पायाच्या अंगठ्यानं बुटाच्या आत मोजायचो.
नेल्सन म्हणायचा, अरे वाजवता कुणालाही येतं.

खारच्या एका तळघरात कार्यक्रम.
साठेक माणसं, निम्मी पुढच्या बँडसाठी आलेली.
मामानं एका म्हाताऱ्याला आणलं होतं,
पांढरा बुशशर्ट, खिशात चष्म्याचं घर,
कानात यंत्र.
कुणीच बसत नाही तिथं,
स्पीकरच्या थेट समोर, खुर्ची ओढून तो बसला.
ऑब्री अंकल, मामा कानात म्हणाला,
तेराव्या धक्क्याची लीड गिटार.
माझे तळवे गार.

वाजवलं. ती जागा आली.
काऊंटरमागच्या फ्रिजची घरघर ऐकू आली,
कुणाचा तरी चमचा पडला.
आणि मला दिसलं,
म्हाताऱ्याचा पाय थांबला नव्हता.
वहाण जमिनीवर पडतच होती,
आमच्याशिवाय.

नंतर त्यानं आमच्यासोबत सोडा घेतला.
"मस्त वाजवता तुमी. पण मदीच बंद का पडता?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
"अंकल, तुम्ही थांबता ना तिथं."
"आमी? नाय रे. तिथं लेस्ली चुकायचा.
दर टायमाला. एक काठी जास्त मारायचा,
मग आमी सगळे त्याला पकडायला धावायचो."
कानातलं यंत्र काढून त्यानं पुसलं, परत घातलं.
"टेपनं खाल्लं वाटतं. बरं झालं.
आता लोक म्हणतील, काय डोकं होतं सायबांचं."
हसता हसता त्याला खोकला आला.
लेस्ली कुठं असतो, मी विचारलं.
मस्कतला गेला, म्हणाला, आणि मग
बराच वेळ सोड्यातले बुडबुडे बघत बसला.

पुढच्या रविवारी आम्ही न थांबता वाजवून पाहिलं.
गाणं सरळ निघून गेलं,
स्टॉपवर न थांबलेल्या बससारखं.
नेल्सननं मुद्दाम एक काठी जास्त मारली.
मुद्दाम मारली की ती चूक वाटत नाही.
तो वैतागला, चहा मागवला.
पुन्हा जुनं तेच. दुसरं कडवं. थांबलो.
आणि खालून, सोफेवाल्याची हातोडी,
एकच, भलत्याच ठिकाणी,
ठक.

"लेस्ली!" नेल्सन ओरडला,
आणि आम्ही सगळे पकडायला धावलो.